सहीची ओळ

रादेस, तुनिस
१७ सप्टेंबर २०२४

लस्साद,

हा पत्ता अजून चालतो की नाही, देव जाणे. मेल परत आलं तर समजेन, बंद पडला. परत आलं नाही आणि उत्तरही आलं नाही, तर समजेन, तू अजून तसाच आहेस.

मब्रूका बरी असेल. तुम्ही स्फाक्स सोडून तिच्या माहेरच्या बेटावर, केर्केन्नाला राहायला गेलात आणि तू तिथल्या शाळेत पोरांना कॉम्प्युटर शिकवतोस, एवढं कानावर आलं आहे. मी होतो तिथेच आहे. कर्नेलमधल्या, मशीन चालवणाऱ्या त्या मूळ प्रोग्रॅममधल्या, त्याच कोपऱ्याचा राखणदार. नेटवर्कवरून जोडलेल्या लांबच्या डिस्का माझ्याकडे. त्या कोपऱ्यात कोणाचा बदल घ्यायचा आणि कोणाचा नाही, ते अजून मीच ठरवतो. या डिसेंबरअखेर सोडतोय.

आता कामाचं. ऑगस्टमध्ये इथे एका ठिकाणी, नाव कशाला घेऊ, एकाच मोठ्या मशीनवर पाच-सहा भाडेकरू ठेवले होते. प्रत्येकाला वेगळी खोली, म्हणजे आपली नेमस्पेस: आपलं नेटवर्क, आपले प्रोग्रॅम, शेजारी कोण राहतो ते दिसायचं कारण नाही. त्यात एक चपलांचा दुकानदार होता आणि एक डायलिसिसचा दवाखाना. दुकानदाराच्या माणसाने आपल्या खोलीत बसून ‘सगळ्या डिस्का सोड’ अशी आज्ञा दिली. खोल्या वेगळ्या, पण लांबच्या डिस्कांची यादी कर्नेलमध्ये सगळ्यांची मिळून एकच! दवाखान्याच्या डिस्काही सुटल्या. सव्वीस रोगी दिवसभर बाकावर बसून राहिले, कारण कोणाला किती वेळ लावायचं ते डॉक्टरांना दिसेना. कोणी दगावलं नाही, अल्हम्दुलिल्लाह.

तू मार्च २०१३ मध्ये मेलिंग लिस्टवर पाठवलेले अकरा पॅच, कोडमधले ते अकरा बदल, नेमके याचसाठी होते. ‘ज्या खोलीतून डिस्क जोडली, त्या खोलीचीच ती. दुसऱ्या खोलीला दिसू नये, मग सोडता येणं तर लांबच.’ तुझंच वाक्य. मी तेव्हा वाचलं होतं, पटलंही होतं, पण वेळ आली नव्हती. आता आली आहे. मला ते तुझ्या नावाने घ्यायचे आहेत. तू ते ‘आधी मतं सांगा’ म्हणून पाठवले होतेस, त्यामुळे खाली सहीची ओळ नाही. ती तेवढी प्रत्येक पॅचखाली घालून पाठव. अकरा ओळी. बाकी सगळं मी बघतो.

नूमान

---

रमला, केर्केन्ना
१९ सप्टेंबर २०२४

नूमान,

पोचलं पत्र.

अकरा वर्षांनी लिहितोस आणि पहिल्याच पत्रात थाप मारतोस. ‘तेव्हा वाचलं होतं’! माझा अकरावा पॅच लिस्टवर पडला सकाळी दहा वाजून दोन मिनिटांनी. तुझं उत्तर आलं दहा सोळाला. जुनी लिस्ट जगाला खुली आहे, जाऊन बघ. तेराशे ओळी चौदा मिनिटांत वाचणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. आणि उत्तर काय होतं, तेही लिहितो, कारण तू विसरला असशील: ‘हे ज्याला हवं असेल त्याने सरळ दोन मशीन विकत घ्यावीत. यात वाचण्यासारखं काही नाही. लेखकाने दुसरा छंद शोधावा.’ दोन हजार माणसांपुढे. आणि कोण लिहितोय? स्फाक्सला एकाच खोलीत चार वर्षं माझ्याबरोबर राहून, एक फ्रिकासे दोघांत तोडून खाल्लेला!

तर मी छंद शोधला. मब्रूकाच्या वडिलांची, अम्म सालेमची, समुद्रात शर्फिया आहे. उथळ पाण्यात खजुराच्या झावळ्यांची कुंपणं, टोकाला सापळे. शाळेच्या आधी मी त्यांच्याबरोबर जातो. आमच्या इथे प्रत्येक घराचा समुद्र ठरलेला आहे, शेजाऱ्याच्या सापळ्याला कोणी हात लावत नाही. तुमच्या कर्नेलला जे जमलं नाही ते इथल्या अडाणी म्हाताऱ्यांना दोनशे वर्षांपूर्वी जमलं.

सव्वीस रोग्यांचं वाचून वाईट वाटलं, ते खोटं नाही. पॅच घेऊन टाक. नाव कोणाचंही घाल. मी ते सगळं केव्हाच विसरलो, फाइलसुद्धा उघडलेली नाही. सही मात्र मागू नकोस.

लस्साद

---

रादेस, २२ सप्टेंबर २०२४

लस्साद,

बरोबर आहे तुझं. वाचले नव्हते. पहिला उघडला, शीर्षक बघितलं आणि उत्तर लिहिलं.

का, ते सांगतो. सफाई म्हणून नव्हे, तुला माहीत असावं म्हणून. राखणदार होऊन मला तेव्हा सहा आठवडे झाले होते. लिस्टवर मी बोललो की लोक माझं नाव दोनदा वाचत, कुठला हा, म्हणून. तुझं नाव दिसलं. वाटलं, हो म्हणालो तर म्हणतील, आला नाही तोच आपल्या गावची माणसं भरायला लागला. म्हणून अनोळखी माणसालाही बोललो नसतो इतकं तुला बोललो. सगळ्यांनी ते बघावं, म्हणून सगळ्यांपुढे बोललो. भित्रा होतो. त्यानंतर लाज वाटत राहिली, आणि ज्याची लाज वाटते त्याला माणूस पत्र लिहीत नाही.

आता नियमाचं. दुसऱ्याचं नाव घालता येत नाही, तुलाही ठाऊक आहे. सहीची ओळ म्हणजे ‘हे काम माझं आहे आणि मी ते सगळ्यांना देतो आहे’ असं लिहून देणं. ती ज्याची त्यानेच लिहायची. दुसऱ्याने लिहिली तर ती चोरी, आणि मी ती करायची नाही हे मला कळतं, एवढं तरी माझ्यात उरलं आहे. आमच्याकडे इंसाफ म्हणून एक हुशार मुलगी आहे, ती म्हणते सगळं नव्याने लिहून काढते. एक वर्ष लागेल तिला. तोवर मी नसेन, आणि ते तुझं नसेल.

तुला हवं असेल तर मी लिस्टवर जाहीर माफी मागतो. आज. म्हणशील त्या शब्दांत.

नूमान

---

रमला, २५ सप्टेंबर २०२४

नूमान,

माफी नको. तू जाहीर माफी मागशील, दोन हजार माणसं ‘किती मोठ्या मनाचा’ म्हणतील आणि मी पुन्हा तोच, ज्याला कोणीतरी काहीतरी बोललं होतं. ठेव तुझ्याजवळ.

तुला वाटतं मला तुझं बोलणं लागलं. अरे, बोलणं काय लागायचं! तुझ्या शिव्या खात मी चार वर्षं काढली, तुझा कोड मी आणि माझा तू रोज फाडत होतो. आठवतं ना, तू माझं पानच्या पान लाल करायचास आणि मी रात्रीचं जेवण विसरून तुझ्याशी भांडायचो? सात महिने घालवले होते मी त्या अकरा पॅचवर. मब्रूकाचं आणि माझं लग्न नवीन होतं, तिला फिरायला नेलं नाही, तुला ते पाठवायचे होते म्हणून. दुसऱ्या कोणाला नाही, तुला. म्हटलं, नूमान वाचेल. वाटेल ते बोलेल, पण वाचेल.

तू वाचलंच नाहीस. लागलं ते तेवढंच.

सही हवी असेल तर वाच. अकराच्या अकरा. आणि मला त्यात चूक काढून दाखव. ‘छान आहे, घेतो’ असं लिहिलंस तर समजेन, पुन्हा चाळून ठेवलेस.

लस्साद

---

रमला, २० ऑक्टोबर २०२४

सी नूमान,

मी मब्रूका. लस्साद शाळेत गेला आहे, त्याला न सांगता लिहिते आहे. पत्ता त्याच्याच मशीनमधून घेतला.

तुमच्या दोघांच्या भांडणात मला पडायचं नाही. पण पंचवीस दिवस झाले, तुमची एक ओळ नाही. रोज शाळेतून येतो, चप्पल काढायच्या आधी मेलची पेटी उघडून बघतो. मी विचारलं की म्हणतो, ‘वारा कुठला आहे ते बघत होतो.’ वारा खिडकीतून दिसतो, सी नूमान. आमच्या बेटावर वाऱ्याशिवाय दुसरं आहे काय?

आणि एक सांगते. त्याने तुम्हाला लिहिलं असेल की विसरलो, फाइल उघडली नाही. धादांत खोटं. दर हिवाळ्यात वारा सुटला आणि होड्या बंद पडल्या की तो माजघरात त्या मशीनपुढे बसतो. पहिल्या वर्षी मला वाटलं, दुसरी बाई आहे. बाई असती तर बरं झालं असतं, झिंज्या धरून ओढता आली असती! मग त्यानेच सांगितलं: कर्नेल दर वर्षी बदलतो, जुने पॅच त्यावर बसत नाहीत. म्हणून तो ते अकरा पॅच नव्या कर्नेलवर पुन्हा बसवून ठेवतो. कोणी मागितलेले नाहीत, कोणाला पाठवायचे नाहीत. वाढत्या पोराचा सदरा दर वर्षी उसवून मोठा करावा, तसं चाललं आहे. अकरा हिवाळे. माझे बाबा म्हणतात, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पण त्याचा तर सुंभही जळलेला नाही.

मी तुमच्यावर रागावले आहे, ते लपवत नाही. माझ्या नवऱ्याला एकदा तुम्ही रिकाम्या हाताने परत पाठवलंत. पुन्हा पाठवायचा असेल तर तसं स्पष्ट लिहा, म्हणजे त्याचं पेटी उघडून बघणं तरी थांबेल. तुमच्या रफीकाला माझा सलाम.

मब्रूका

---

रादेस, २३ ऑक्टोबर २०२४

लल्ला मब्रूका,

रागवा, हक्क आहे तुमचा. हे पत्र मी बोलतो आहे आणि रफीका लिहिते आहे.

लस्सादचं शेवटचं पत्र आलं त्याच्या तिसऱ्या दिवशी माझ्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला. उजवा आधीच अर्धा गेलेला. डिसेंबरमध्ये काम सोडतोय ते त्याचसाठी. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी पंधरा दिवस पालथं पडून राहायला सांगितलं, तोंड खाली, उशीत. काय करणार? रफीकाला म्हटलं, वाच.

तिने ते अकरा पॅच मला मोठ्याने वाचून दाखवले. तीस वर्षं पोरींना फ्रेंच शिकवलेली माझी बायको, खाटेशेजारी बसून ‘कंस उघडला, कंस बंद झाला, खाली नवी ओळ’ करते आहे. तिला त्यातलं अक्षर कळत नाही. पण पाचव्या पॅचपाशी थांबली आणि म्हणाली, ‘हा माणूस घरात नीटनेटका असणार.’ तसा आहे का हो तो? आमच्या खोलीत तर मोजे खिडकीला टांगायचा.

आता रोज एक तास बघायची परवानगी आहे. अक्षर इतकं मोठं करावं लागतं की पडद्यावर आठच ओळी मावतात. पाचवा झाला, सहावा चालू आहे. मी पळालेलो नाही.

डोळ्यांचं त्याला सांगू नका, एवढी विनंती. त्याला दया येईल आणि तो सही पाठवून देईल. मला तशी नको आहे. आणि हिवाळ्यांचं मला कळलं आहे, हेही त्याला सांगू नका. ते वाचून झाल्यावर रफीकाने मला एकट्याला खोलीत सोडलं. मी रडलो. ऑपरेशनवाल्या डोळ्याला ते चालत नाही म्हणे.

नूमान

---

रादेस, ९ नोव्हेंबर २०२४

लस्साद,

वाचले. घे आता.

दुसरा पॅच: यादीचं कुलूप हातात धरून तू मेमरी मागायला जातोस. मेमरी मिळायला वेळ लागला तर तू कुलपासकट झोपणार आणि बाहेर सगळी गल्ली तटून राहणार. पहिल्या वर्षाच्या पोराला मी यासाठी वर्गाबाहेर काढला असता.

चौथा: डिस्क जोडताना मध्येच काही बिनसलं तर तू मागच्या दाराने निघून जातोस, पण खोलीत किती जण आहेत त्या मोजणीतून स्वतःला वजा करत नाहीस. मग ती खोली कधीच रिकामी होणार नाही. भुतासारखी मशीनमध्ये राहील. दोन ठिकाणी ही चूक आहे. एक मी सांगतो, तीनशे बाराव्या ओळीखाली. दुसरी तू शोध.

पाचवा: वर टिपेत एक लिहितोस, खाली कोड दुसरंच करतो. तुझं लग्नानंतरचं पहिलं वर्ष होतं, समजू शकतो.

सातवा. हा नीट वाच, इथे मी थट्टा करत नाही. खोली बंद होते तेव्हा तू आधी तिचं नेटवर्क काढून घेतोस आणि मग डिस्कांचा निरोप घ्यायला जातोस. पण निरोप नेटवर्कवरूनच जातो ना? भाडेकरूने शेवटच्या क्षणी जे लिहिलं ते वाटेत असतं. तार कापली की ते डिस्कवर कधी पोचतच नाही, आणि भाडेकरूला वाटतं की पोचलं. दवाखाना धर. डॉक्टरने रोग्याचं औषध बदलून लिहिलं, खोली बंद केली, सकाळी उघडली तर जुनंच औषध. अकरा वर्षांपूर्वी हे मी वाचून घेतलं असतं तरी माझ्या हे लक्षात आलं नसतं, इतकं ते आत दडलेलं आहे. क्रम उलटा कर. आधी डिस्का रिकाम्या, मग तार.

नववा: यात काढायला काही नाही. जुन्या प्रोग्रॅमांना काही बदललंय हे कळतसुद्धा नाही, सगळं पहिल्यासारखं चालतं. हे तू ज्या दहा ओळींत केलंस ते मला शंभरात जमलं नसतं. वाचताना मला तुझा हेवा वाटला, अजून वाटतो आहे.

बाकीच्या किरकोळ बावीस चुका खाली जोडल्या आहेत. हे असं पाठवलंस तर मी घेणार नाही. पुन्हा नाही म्हणेन.

नूमान

---

रमला, १२ नोव्हेंबर २०२४

अरे गाढवा,

दुसऱ्या पॅचमध्ये कुलूप मी तीन ओळी वरच सोडलं आहे! तीनच ओळी वर! दिसत नाही का? चष्मा बदल! वर्गाबाहेर काढतोय मला!

चौथ्यातली दुसरी जागा सापडली. पाचव्यातली टीप मब्रूकामुळे नाही, तुझ्या त्या जुन्या टिपेवरून उतरवली होती, तूच चुकीची लिहून ठेवली होतीस. बावीसपैकी नऊ मान्य, आठ अमान्य, पाचांवर भांडू.

सातवा. नूमान, सातवा मी तीनदा वाचला आणि उठून बाहेर गेलो. अम्म सालेम सापळे विणत बसले होते. त्यांना सांगितलं, अकरा वर्षं ज्याला मी माझी सगळ्यात चांगली कारागिरी समजत होतो, त्यात भोक होतं. ते म्हणाले, ‘कोणी दाखवलं?’ मी म्हटलं, नूमानने. ‘मग आता रडतोस कशाला, दाखवणारा भेटला ना?’ आणि पुन्हा विणायला लागले. सासऱ्यांना काय सांगायचं असतं म्हणा. मी रडत नव्हतो, हसत होतो.

खरं सांगू? इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

—एवढं लिहून झालं आणि मब्रूका मागे उभी राहून वाचत होती. ‘चष्मा बदल’पाशी तिचा चेहराच उतरला. मग तिने सगळं सांगितलं. तुला वचन दिलं होतं म्हणाली, पण पोटात मावेना. पालथं पडून राहिलास ते, आठ ओळी मावतात ते, रफीकाचे कंस.

वरचं खोडत नाही. खोडलं तर तुला वाटेल दया आली. पण नूमान, तुझ्या उरलेल्या नजरेतली एवढी तू यावर खर्च केलीस. मी काय लिहू? इतक्या लांबून तुझ्या डोक्यावर एक टपली मारतो आणि मग तेच डोकं छातीशी धरतो. सही पाठवीन, पण यांच्यावर नाही. सातवा नव्याने लिहितो. तीन आठवडे दे. अक्षर मोठं करून पाठवता येत नाही, पण ओळी आखूड ठेवीन.

लस्साद

---

जाहीर मेलिंग लिस्टवर
१ डिसेंबर २०२४
विषय: लांबच्या डिस्का ज्या त्या खोलीपुरत्या. दुसरी आवृत्ती, अकरा पॅच

सर्वांस,

पहिली आवृत्ती मार्च २०१३ मध्ये पाठवली होती. उशिराबद्दल क्षमस्व, मधल्या काळात मासेमारीत होतो.

काय बदललं: खोली बंद होताना आता आधी तिच्या डिस्कांवरचं सगळं लिखाण पोचतं करतो, त्यांचा निरोप घेतो आणि मगच नेटवर्क काढतो. पहिल्या आवृत्तीत हा क्रम उलटा होता, आणि त्याने लोकांचं लिहिलेलं नाहीसं झालं असतं. ही चूक नूमान कम्मून यांनी दाखवली. जुनी लिस्ट चाळणाऱ्यांना त्यांनी पहिल्या आवृत्तीला दिलेला नकार सापडेल. तो नकार योग्य होता. ती आवृत्ती घेतली असती तर नुकसान झालं असतं.

चौथ्या पॅचमधल्या दोन्ही चुका दुरुस्त. दुसऱ्यातलं कुलूप पूर्वीही बरोबर होतं, आताही बरोबर आहे.

हे काम माझं आहे आणि मी ते सगळ्यांना देतो आहे.
सही: लस्साद आरूस

---

जाहीर मेलिंग लिस्टवर
१३ डिसेंबर २०२४
विषय: उत्तर. लांबच्या डिस्का ज्या त्या खोलीपुरत्या. दुसरी आवृत्ती, अकरा पॅच

सर्वांस,

लस्साद यांच्या पत्रातली एक गोष्ट खरी नाही, आणि ती तशीच राहू दिली तर ती माझी दुसरी चूक ठरेल.

२०१३ मध्ये मी नाही म्हणालो ते योग्य नव्हतं. तेव्हा मी हे पॅच वाचलेच नव्हते. त्यात चूक होती हे मला गेल्या महिन्यात, वाचल्यावर कळलं. न वाचता दिलेला नकार खरा ठरला, हे माझं नशीब. त्याला योग्य म्हणण्याचा मोठेपणा लस्साद यांचा. ते माझे सगळ्यात जुने मित्र आहेत. ही गोष्ट मी तेव्हा तुमच्यापासून लपवली होती, ती आता सांगतो.

या वेळी मी आणि माझ्या घरच्यांनी मिळून प्रत्येक ओळ वाचली आहे. दुसऱ्यातल्या कुलपाबद्दल मी चुकलो होतो. अकराही घेतले. राखणदार म्हणून मी घेतलेलं हे शेवटचं काम. पुढल्या महिन्यापासून इंसाफ शाबूनी बघतील, त्या माझ्यापेक्षा सावकाश वाचतात.

वाचून तपासले: नूमान कम्मून
वाचून दाखवले: रफीका कम्मून

---

रमला, १४ डिसेंबर २०२४

नूमान,

मी तुझी लाज झाकायला एवढी मेहनत घेतली आणि तू भर चौकात स्वतःच उघडी केलीस. तुझ्यापुढे कोणी काय करावं!

मब्रूकाने तुझं पत्र तिच्या बाबांना वाचून दाखवलं, शेजारणींना दाखवलं, आता होडीवरच्या माणसांना दाखवते आहे. वाचताना मी रडलो, असं ती सगळीकडे सांगत फिरते. रडलो. लपवण्यासारखं काय आहे त्यात? रफीकाचं नाव कर्नेलमध्ये माझ्या कामाखाली आहे, यावर ती थोडी जळते आहे. म्हणते, अकरा हिवाळे चहा करून दिला, त्याची ओळ कुठली?

डोळ्यांचं डॉक्टर काय म्हणाले ते खरं खरं कळव. सुट्टी लागली की आम्ही दोघं रादेसला येतो, चार दिवस राहू. मब्रूका रफीकाला घरकामातून सोडवेल, मी वाचनातून. दिवसाला दोन तास वाचून दाखवीन, कंसासकट.

एकच सांगायचं राहिलं. दोन्ही वेळा वाचून तू तिसऱ्या पॅचबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. काल रात्री मला त्यात एक चूक सापडली. लहानशी आहे, कोणाचं नुकसान होणार नाही, पण आहे. मी सांगणार नाही. काढून दाखव बघू.

लस्साद